पाच मिलिग्रॅमची चिठ्ठी

सुरतच्या कोसाड भागातल्या त्या मेडिकलमध्ये नूतन पहिल्यांदाच गेली, तीही नेहमीच्या दुकानाचं शटर बंद होतं म्हणून. संध्याकाळची वेळ, काउंटरवर गर्दी, आणि गर्दीपलीकडं निळ्या शर्टातला एक नवा चेहरा. तिनं चार घड्यांची चिठ्ठी पुढं सरकवली. त्यानं ती उलगडली, तिच्याकडं पाहिलं – गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं – आणि मेडिकलच्या रीतीप्रमाणं आतल्या माणसाला ओरडून सांगितलं,

"फॉलिक अ‍ॅसिड, पाच एमजी, तीस!"

शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या सरलाबाईंनी मान वळवली. त्या नूतनच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. तीन सुनांची बाळंतपणं त्यांनी केलेली; ती गोळी कोण खातं हे त्यांना चांगलं ठाऊक. त्यांची नजर आधी नूतनच्या मोकळ्या गळ्याकडं गेली, मग पोटाकडं.

"कोणासाठी वं नूतन?"

"मामीसाठी."

"मामी तर तिकडं चंद्रपूरले राह्यते ना तुही?"

"पाठवायच्या आहेत…"

निळ्या शर्टवाल्याला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. त्यानं पाकीट दिलं ते मान खाली घालून.

चार दिवसांत पाण्याच्या नळावर कुजबूज सुरू झाली. नूतनची आई मंदा दार लावून रडली. लेक तशी नाही हे तिला माहीत होतं. पण खरं सांगायची सोय नव्हती. नूतनला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन लवकर मरतात, हाडं-सांधे ठणकतात; नवं रक्त बनत राहावं म्हणून ती गोळी जन्मभर खायची. धाकटा महेश याच दुखण्यानं नवव्या वर्षी गेला होता. पोरीचं लग्न जमावं म्हणून मंदानं हे सगळ्या सुरतपासून लपवलं होतं. फुकट गोळ्या मिळायच्या त्या सरकारी दवाखान्यात नाव घातलं नव्हतं, लांबच्या डॉक्टरकडून गुपचूप चिठ्ठी आणली जायची.

"जाऊ दे आई," नूतन म्हणाली. "आता मोबाईलवरून मागवते. तो कोणाला ओरडून सांगत नाही."

पार्सल तिनं पर्वत पाटिया भागातल्या कारखान्यात मागवलं, जिथं ती साड्यांच्या घड्या घालायची. रंगीत खोकं, वर पोटावर हात ठेवून हसणारी बाई. गोळ्या तिनं बाटलीत ठेवल्या, पण खोकं टाकवेना. घरी नेऊन कपड्यांखाली लपवलं. लोकांनी तिला उगाच आई करून टाकलं होतं, त्याचा संताप यायचा. आणि कधी घरात कुणी नसलं की ती ते खोकं काढून नुसती बघत बसायची.

डॉक्टरकडं जाणं मात्र थांबलं. चिठ्ठीच नको, तर जायचं कशाला?

थंडी पडली. अमरोलीच्या रस्त्यावर पोंकाच्या गाड्या लागल्या. कोवळ्या हिरव्या ज्वारीचा भाजका वास, वर शेव, लिंबू. नूतन पुडी घेऊन वळली, तर समोर तोच. आज शर्ट पांढरा होता.

"ताई… नाही, ताई नको. मॅडम…" तो अगदी हळू म्हणाला.

"आज आवाज बसला का? त्या दिवशी घसा चांगला होता तुमचा."

"माफी मागायची होती. दोन महिने झाले, तुम्ही आलाच नाहीत."

"तुमची रीतच आहे ओरडायची."

"रीत मोडली मी. आता प्रत्येक चिठ्ठी आत नेऊन दाखवतो. शेठ म्हणतो, मुंगा माणसने राख्यो छे में."

मुका नोकर ठेवलाय म्हणे! नूतनला हसू आलं. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना.

त्याचं नाव श्रीरंग. वर्ध्याकडचा, बाप कापडाच्या लूमवर, हा औषधांचा कोर्स करून काउंटरवर. तिनं पर्समधली बाटली त्याला दाखवली, जरा तोऱ्यातच. त्यानं ती दिव्याखाली धरली.

"ही चारशे मायक्रोग्रॅमची आहे. अशा बारा खाल्ल्या तरी तुमच्या त्या एकीची बरोबरी नाही… आणि खाऊ नका बारा! ज्यांना बाळ हवंय त्यांच्यासाठी आहे ही. तुम्हाला पाच मिलिग्रॅम काहून लिहिली?"

"रक्त कमी आहे." अर्धंच खरं होतं ते.

"मग डॉक्टरला दाखवा, नवी चिठ्ठी आणा."

"चिठ्ठीची एवढी काय हौस तुम्हाला? मोबाईलवाला तर काहीच विचारत नाही."

"मी विचारतो ना." तो थांबला. "आणि चिठ्ठी आणली की तुमचं नाव लिहिलेलं वाचायला मिळतं…"

नूतननं पोंकाच्या पुडीत मान घातली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात ती गेली, जुनीच चिठ्ठी घेऊन.

"ही म्हातारी झाली," तो म्हणाला.

"तुम्ही नवरी शोधताय का चिठ्ठी?"

त्यानं हसून गोळ्या दिल्या. त्या महिन्यात दिल्या, पुढच्या महिन्यातही. चिठ्ठीवरची तारीख दर वेळी बघायचा, बोलायचा मात्र नाही. आज टोकलं आणि ही उद्या आलीच नाही तर? 'तुम्ही'चं 'तू' झालं. रविवारी तापीच्या काठावर दोघं हातभर अंतर ठेवून बसायची, उठताना ते अंतर वितभर राहायचं. तिच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली तेव्हा त्यानं विचारलं, "झोपत नाहीस का?" ती म्हणाली, "तू झोपू देतोस कुठं?" आणि तो विचारायचं विसरून गेला.

फेब्रुवारीत एका दुपारी साड्यांच्या गठ्ठ्यांवर नूतन आडवी पडली. पाठीत, बरगड्यांत सुऱ्या खुपसल्यासारख्या कळा. बरोबरच्या बायांनी तिच्या फोनमधला शेवटचा नंबर लावला. तो श्रीरंगचा निघाला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट आणि पर्समधली जुनी चिठ्ठी पाहिली आणि आधी त्याच्यावरच उखडल्या. "सिकलसेलची पेशंट आहे ही. रक्त पाचवर आलंय. पाच महिने तपासणी नाही?"

"गोळ्या चालू होत्या…" तो चाचरला.

"गोळ्या कुठंही मिळतात हो. चिठ्ठीसाठी माणूस आमच्यासमोर येतं, तेव्हा आम्ही त्याला बघतो. गोळी नीट असती तरी हे झालं नसतं असं मी म्हणत नाही. पण वेळेवर दिसलं असतं."

नूतनला रक्त चढवलं. तो स्टुलावर बसून राहिला.

"मी मोबाईलसारखाच झालो," तो म्हणाला. "विचारलंच नाही तुला."

"विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते." तिनं त्याच्या हातावर बोट ठेवलं. "आता खरं कळलं तुला. पळायचं असेल तर पळ."

"लग्न करशील?"

"अरे, सलाईन तरी उतरू दे!"

दोघं हसली. पलीकडच्या पलंगावरची म्हातारीही हसली, काय झालं ते न कळता.

डॉक्टरीणबाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, लग्न करा, पण आधी याचंही रक्त तपासा. श्रीरंगनं बाही वर केली. "आमच्या घरात कोणी साधं आजारीसुद्धा पडत नाही, बाई."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. दोघं दवाखान्याच्या बाकावर बसली होती. श्रीरंगनं तो दोनदा वाचला.

"मी वाहक आहे म्हणे. मला काही होणार नाही. अर्धाच आहे मी…" त्यानं हसायचा प्रयत्न केला.

नूतनला समजावून सांगायची गरज नव्हती. तिचे आईबाप दोघंही तसेच अर्धे होते. ती तर पूर्ण होती. प्रत्येक मूल तिच्यासारखं निघण्याची निम्मी शक्यता.

"पोटात असतानाच तपासता येतं, बाई म्हणाल्या," तो हळूच बोलला.

"आणि माझ्यासारखंच निघालं तर?"

त्यानं रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"माझ्या आईनं तसं तपासलं असतं तर मी नसते, श्रीरंग. महेश नसता. नऊ वर्षं खेळला तो… मी नाही ठरवू शकत ते. आणि पुन्हा एक महेश मांडीवर घेऊन रात्रभर बसणंही नाही जमणार मला."

"मग मूलच नको. तू आहेस ना. बास."

त्याच्या आवाजात कुठंच खोट नव्हती, आणि तेच तिला सोसेना. हो म्हणणं किती सोपं होतं! घरी कपड्यांखाली ते खोकं होतं, आणि ते कशासाठी ठेवलंय हे तिला आज पहिल्यांदा स्पष्ट कळलं.

"मला हवंय मूल," ती म्हणाली. "तुझ्यासाठी त्याग करते, असं समजू नकोस. मलाच हवंय. वाहक नसलेल्या कुणाशी ते जमेल, तुझ्याशी नाही. हो म्हणाले तर रोज तुझ्याकडं बघून मला तेच आठवेल… आणि तू इतका चांगला आहेस की मला रागावतासुद्धा येणार नाही."

"आज नको सांगू."

"उद्या सांगता येणार नाही म्हणून आज सांगते."

तो बराच वेळ बाकाच्या कडेचा रंग नखानं खरवडत राहिला. मग उठून तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आला. वितभर अंतरही राहिलं नव्हतं. खांद्याला खांदा लागत होता, आणि कुणीच बाजूला सरकलं नाही.

"गोळ्यांचं काय करशील?"

"सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. तिथं मिळतात फुकट. सरलाबाईंसमोर रांगेत उभी राहीन."

"दर महिन्याला जाशील ना दाखवायला? कोणी विचारलं नाही तरी?"

"जाईन."

"शपथ?"

"तुझी…" ती म्हणाली, आणि बस आली.

तो चढला नाही. ती खिडकीशी बसली, पण काचेकडं वळली नाही. वळली असती तर पुढच्या स्टॉपला उतरून मागं पळत आली असती. बस सुटली. तिनं पदराचं टोक तोंडात कोंबलं, तरी हुंदका फुटलाच.

शेजारच्या गुजराती मावशींनी पिशवी मांडीवर घेऊन तिला आणखी जागा करून दिली. "शुं थयुं, बेन?"

"कंई नथी, मासी. गुडघा दुखतोय."

मावशी चुकचुकल्या आणि काही न विचारता तिचा गुडघा चोळू लागल्या. तो खरंच दुखत होता.