हलक्या काडतुसांची पेटी

वडिलांना जाऊन चाळीस दिवस होत आले होते. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला हरणाचं मटण हवं, म्हणून फेव्रोनिया आणि तिचा धाकटा भाऊ झाखार अलास्कातल्या कोडियाक बेटाच्या पश्चिमेकडच्या आखातात होडीने निघाले. किनाऱ्याला लागल्यावर वडिलांच्या लिव्हरवाल्या रायफलमध्ये काडतुसं भरायला तिने पेटी उघडली आणि तिचं डोकंच फिरलं.

"जड, कडक शिशाची आण म्हटलं होतं ना? ही कसली?"

"जाडी तीच आहे, ताई. दारूचा बार जरा कमी. ती जड फार धक्का देतात गं, माझा खांदा आठवडाभर सुजतो."

"बार जरा कमी? अर्धा! आणि गोळी मऊ! अस्वलाच्या खांद्याच्या हाडावर चपटी होईल ही!"

"आपण हरणाला आलोय की अस्वलाला?"

"ते त्याला जाऊन सांग!"

परत फिरायचं, तर जेवण उद्यावर आलेलं. दात-ओठ खात ती चढणीला लागली. अल्डरच्या झुडपांच्या फांद्या पायात अडकत होत्या, पाऊस तिरका येत होता, वरच्या गवतात बर्फाचा पातळ थर होता. कड्याखाली नर हरिण दिसलं. एकाच गोळीत ते आडवं झालं.

"मेलं की नाही?" झाखार हसला.

"हात चालव. बार ऐकून अस्वल येईल."

मागची तंगडी सुटते न सुटते तोच झुडपं हलली. बाहेर आलं ते प्रचंड तपकिरी अस्वल!

"टाक ती तंगडी!"

"बाबांचं जेवण आहे, ताई..."

"टाक म्हणते ना, गाढवा!"

अस्वल धावलं. चिखल उडाला. फेव्रोनियाने लिव्हर ओढला. मध्ये एक खोड पडलेलं होतं. त्याच्या अलीकडे आलं तरच मारायचं. जड गोळी असती, तर तिने इतकी वाट पाहिली नसती. या गोळीने ते मरणार नव्हतं, फक्त चवताळणार होतं! झाखारने तंगडी फेकली. खोडाशी येऊन अस्वल थबकलं. फुत्कारलं. त्याच्या तोंडाचा कुबट वास तिच्यापर्यंत आला. तिचं बोट चापावर तसंच होतं.

"पाठ फिरवू नकोस. मागे चल. हळू."

अस्वलाने तंगडी उचलली आणि ते हरणावर जाऊन बसलं.

दोघांनी होडी पाण्यात लोटली. इंजिन भिजून बंद पडलं होतं, म्हणून वल्ही काढावी लागली.

"उद्या काय वाढायचं गं लोकांना?" झाखारने विचारलं.

"खारवलेला सॅमन मासा आहे. तोच. आणि मटण का नाही, ते तू सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मी नाही."

"सांगतो." वल्हं थांबवून तो म्हणाला, "अजून रागावली आहेस?"

"मरेपर्यंत रागावणार आहे! वल्हव!"