'करपा'ची नऊ गाणी

"कुलूप तुटलेलं नाही, मॅडम. किल्ल्या आमच्या तिघांकडंच. म्हणजे आमच्यातलंच कुणीतरी." तारिक मुल्ला डोळे चोळत म्हणाला.

चौदा महिन्यांपूर्वी त्यानं सांगलीत 'करपा' हा रॉक बँड काढला. गिटार त्याची, ड्रम जोतीरामचे, आवाज साक्षीचा. त्यांची नऊ गाणी मुंबईच्या कंपनीकडं जायची होती. आणि माधवनगरच्या बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडमधून, जिथं ते सराव करत, गाण्यांची हार्ड डिस्कच नाहीशी झाली. दुसरी प्रत नव्हती.

"शेवटची कधी दिसली?" खासगी गुप्तहेर शिवांजली माने यांनी विचारलं.

"रविवारी. कुलूप साक्षीनं लावलं. मंगळवारी बघतो तर नाही."

शेडमध्ये जुना कॉम्प्युटर आणि लोंबती वायर होती.

"इन्व्हर्टर?" शिवांजलीबाईंनी विचारलं.

"नाही."

ड्रमवाला जोतीराम माणचा. तो उखडलाच. "सोमवारी दुपारी आलतो की. लाइट नव्हती. सोमवारी दिवसभर नसतीच हितं. दार उघडं टाकून तासभर वाजवलं. डिस्ककडं कोण बघतंय?"

साक्षी घरी भेटली. हातात गरम पाण्याचा पेला, आवाज बसलेला. "सर्दी झालीय," ती पुटपुटली. पण तासाभरात ती एकदाही शिंकली नाही. टेबलावर मिरजेच्या घशाच्या डॉक्टरांची फाईल होती.

"सोमवारी दुपारी मी वही आणायला गेले होते. डिस्क होती. निळा दिवा लुकलुकत होता."

बाहेर पडताच शिवांजलीबाईंचे सहायक, निवृत्त हवालदार नानासो म्हणाले, "जोतीरामच हाय, मॅडम. बघितलंच न्हाई म्हणतोय."

"तिघांना शेडवर बोलवा, नानासो." शिवांजलीबाईंचा स्वर थकलेला होता.

तिघं जमले.

"सोमवारी वीज नव्हती, इन्व्हर्टर नाही. मग दिवा कसा लुकलुकला, साक्षी? डिस्क सोमवारपर्यंत होती, असं तुला भासवायचं होतं. कारण रविवारी शेवटी इथून तू निघालीस. डिस्क घेऊन. आणि ही सर्दी नाही."

साक्षीनं पिशवीतून डिस्क काढली.

"डॉक्टर म्हणाले, गाणं कायमचं बंद. अल्बम आला की कार्यक्रम आले. माझ्यामुळं बँड मोडला, असं नको होतं मला. डिस्क हरवली म्हणून मोडला, असं झालं असतं."

"लय येडी हायस गं," जोतीराम म्हणाला आणि खाली बसला.

तारिकनं तिथूनच कंपनीला फोन लावला. गाणी देतो, कार्यक्रम जमणार नाहीत. कंपनीनं नकार दिला. त्याच आठवड्यात 'करपा' संपला.

गाणी त्यांनी स्वतःच इंटरनेटवर टाकली. गायिकेचं नाव तारिकनं सगळ्यात वर लिहिलं.