गार कोठी

प्रयोगशाळेत नवी मंडळी आली की यामिनी कर्णिक त्यांना एक प्रयोग हमखास दाखवायची. काचपात्रात पाण्यासारखा नितळ, हाताला गार लागणारा क्षारद्रव असायचा. त्यात ती साखरेच्या दाण्याएवढा एक स्फटिक सोडायची. बघता बघता सगळं पात्र पांढरंफटक गोठायचं आणि गोठता गोठता हात लावू नये इतकं तापायचं. पाहुणे तोंडात बोटं घालायचे. गेल्या आश्विनात तिचा नवरा मुकुंद गेला, त्यानंतरही ती हा प्रयोग दाखवत होती. फक्त पाहुण्यांची तोंडं बघायला आता थांबत नव्हती.

हिमालयातली ती वसाहत याच युक्तीवर हिवाळा काढायची. घरोघरी मुकुंदने क्षारकोठ्या बसवल्या होत्या. उन्हाळ्यात उन्हाने कोठीतला क्षार वितळायचा. अठ्ठावन्न अंशांच्या खाली आला की त्याने खरं तर गोठायचं. पण क्षार इतका शुद्ध, की सुरुवात कुठून करावी हेच त्याला उमगत नसे. तो द्रव राहूनच गार व्हायचा, आणि वितळताना घेतलेला सगळा उष्मा पोटात तसाच ठेवायचा. थंडीत झाकणातून स्फटिकबीज टाकलं की तो गोठायचा, उष्मा बाहेर पडायचा आणि खोल्या नि आंघोळीचं पाणी विजेवाचून तापायचं. एकदा गोठली की कोठी रिकामी. पुन्हा भरायची तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघायची.

कर्णिकांची कोठी रिकामी होती. मुकुंद गेला त्या दुपारी त्याच्या शेवटच्या आंघोळीला गरम पाणी हवं होतं. यामिनीने स्वतः बीज टाकलं, नळ सोडला, पाणी कढत आलं. शेजारणी म्हणाल्या, बाई मोठी धीराची. धीर कसला आलाय? तिला काही वाटतच नव्हतं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. लोक सांत्वनाला आले, चांगलं बोलले आणि गेले. एक शब्दही तिच्या आत टिकला नाही. पुढे थंडी वाढली तशी कोठी गार पडली. यामिनी विजेच्या शेगडीवर दिवस ढकलू लागली.

आई काही केल्या डोंगर उतरून खाली यायला तयार होईना, तेव्हा लेक ऋजुताच बाळंतपणाला वर आली. वसाहतीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी घरी आल्या आणि पाठोपाठ हिमवादळ आलं. विजेच्या तारा तुटल्या, दवाखान्याचा रस्ता बर्फाखाली गेला. चूल विजेची, शेगडी विजेची. भिंतींना आतून दहिवर धरू लागलं.

शेजारचा शिरगोपीकर रजया घेऊन कसाबसा पोचला. हा मूळचा सांगलीचा, मुकुंदच्या हाताखाली कोठ्या बसवत शिकलेला. त्याची स्वतःची कोठी आठवड्यापूर्वीच संपली होती.

ऋजुताने बाळाला छातीशी धरून वर सगळ्या रजया ओढल्या होत्या. "आई, हिचे पाय गार पडलेत गं," ती म्हणाली. "आता रडतही नाहीये."

याचा अर्थ काय, ते यामिनीला नीट कळत होतं. तरी छातीत काही हललं नाही, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली.

शिरगोपीकरने कोठी कधी सोडली ते विचारलं. तिने मुकुंद गेला त्या दुपारचं सांगितलं. त्यावर तो उठून कोठीपाशी गेला. त्या दिवशी ऊन कसं होतं, असंही त्याने विचारलं. कडक होतं, ती म्हणाली.

"मग मला एक सांगा वहिनी. बीज टाकल्यावर पाणी तापलं, का आधीच तापलेलं होतं?"

यामिनीने ती दुपार मनात पुन्हा मांडली. दिवसभर उन्हात असलेली कोठी त्या दुपारी सत्तर अंशांच्या वर असणार. इतक्या उष्णतेत बीज टिकत नाही. ते पडल्या पडल्या वितळलं असणार. आंघोळीचं पाणी तापलं होतं ते नुसत्या त्या दिवसाच्या उन्हाने. त्यानंतर कोठी गार झाली होती, गोठली नव्हती. भरलेली आणि रिकामी, दोन्ही कोठ्या हाताला सारख्याच गार लागतात, हे ती इतकी वर्षं लोकांना शिकवत आली होती. स्वतःच्या घरात तिने झाकण उघडून बघितलंसुद्धा नव्हतं.

आता तिने ते उघडलं. शिरगोपीकरने विजेरी धरली. आत क्षार नितळ होता, तळ दिसत होता.

तिने बीज सोडलं. पांढरी साय पसरत खाली गेली आणि कोठीच्या तापमापकाचा काटा चढून अठ्ठावन्नवर स्थिरावला.

खोली उबदार व्हायला वेळ लागला. बाळाचे पाय हळूहळू गुलाबी झाले, ते दूध प्यायलं. मग ऋजुता म्हणाली की हिला आंघोळही घालू या. यामिनीने टब भरला आणि रीतीप्रमाणे कोपर बुडवून पाहिलं. कोपर पोळलं. तिने हात काढला नाही.

"जास्त गरम आहे का गं?" ऋजुताने विचारलं.

"तुझ्या बाबांनी तापवलंय," यामिनी म्हणाली. "त्यांना पाण्याचा अंदाज कधी होता?"

तिने गार पाण्याचं विसण घालून ते कोमट केलं. बाळाला आत ठेवलं तसं ते घर दणाणून टाकत रडू लागलं. त्याला पुसायला घेतलेल्या पंच्यात यामिनीने आधी स्वतःचं तोंड लपवलं.