चार बोटांच्या जाळ्यातलं शून्य

डोहाकाठच्या दगडांवरचं शेवाळ कुणी चाटून नेलं? दगडाखाली चिकटलेली माशांची अंडी कुठे गेली?

"चिलखत्या!" अकरा वर्षांची भुमेश्वरी ओरडली. कुणा शहाण्याने शोभेच्या टाकीतून वैनगंगेत फेकलेला हा कडक अंगाचा मासा म्हणजे आक्रमक प्रजाती (बाहेरून येऊन इथल्यांचं घर नि घास बळकावणारी जात).

"तीन दिवस जाळं लावलं. चिलखत्या शून्य," टिपण्या म्हणाला. २०५८ सालच्या नदी-पाहणीचा हा यंत्रमानव. त्याच्या शून्यावर विसंबून आज बाराला कालव्याचं दार उघडणार होतं. पाणी सुटलं की चिलखत्या थेट गावतळ्यात. तिथे ढिवरांनी, म्हणजे गावच्या मासेमारांनी, सात वर्षं जपलेले इथलेच मरळ मासे होते.

"यंत्र खोटं बोलते काय वो?" धनराजमामा म्हणाला.

"खोटं नाही. पण मामा, जाळं कोणतं?"

"आपलंच. चार बोटांचं. मीच शिकवलं त्याले."

ढिवरांचा नेमच तो. जाळ्याच्या भोकातून चार बोटं जायला हवीत, म्हणजे पिल्लं सुटतात.

"मग परकी पिल्लंबी सुटलीच ना! आपण दयाळू अन् हा बावळट!"

"बावळट, अशी नोंद करू?" टिपण्याने विचारलं.

"कर! अन् चल कामाले."

सकाळचे सात वाजले होते. एकच डोह, एकच वेळ, प्रत्येक साधनाला चार तास. बाकी सगळं सारखं ठेवलं, तरच फरक साधनाचा नि त्याच्या जागेचा आहे हे कळतं. मधल्या पाण्यात चार बोटांचं जाळं. काठच्या गवतात एका बोटाचं. तळाशी, दगडांच्या फटीत, बांबूचा सापळा.

अकराला मोजणी झाली. मोठ्या जाळ्यात तीन रोहू, चिलखत्या शून्य. बारक्यात दोन चिलखते. सापळा उपडा केला तर एकोणीस! इथले मासे मामाने जिवंतच परत सोडले.

"जाळं नदी दाखवत नाही, मामा. त्याला जे धरता येतं तेवढंच दाखवतं. चिलखत्या तळाला दडतो, अन् याचं जाळं मधोमध!"

मामा खजील झाला. मग चिलखते पुन्हा सापळ्यात भरून, तो खांद्यावर टाकून मामा तिच्याबरोबर कालव्याकडे धावला.

दार उघडायला आलेल्या अभियंताबाईंनी सापळ्यातले एकोणीस मासे पाहिले, कपाळावर हात मारला आणि दाराला कुलूप घातलं. आधी नदीची नीट पाहणी, तिन्ही साधनांनी.

टिपण्या जुनी नोंद खोडायला लागला. भुमेश्वरीने त्याचा हात धरला.

"खोडू नको. पुढे लिही: चार बोटांच्या जाळ्यात शून्य."

त्याने लिहिलं. मामा वरच्या डोहासाठी नवा सापळा करायला बांबू चिरत बसला.