अतिथी कोण?

कंदील जरा बारीक करा. आणि त्या दाराला कडी घाला, उगाच वाजतंय.

भुताची गोष्ट म्हटली की तुम्हा पोरांना देवळाली कॅम्पच आठवतो. रात्री विडीला काडी मागणारा गोरा सोल्जर, इगतपुरीच्या रेल्वे बंगल्यात पियानो वाजवणारी मड्डम... सगळी इंग्रजांची भुतं! आपली नाशिकची माणसं मेल्यावर गप्प बसतात की काय? आणि त्या मड्डमेला पाहिलं कुणी, तर म्हणे कुणाच्या तरी मेव्हण्यानं. असल्या मेव्हण्यांच्या गोष्टी मी सांगत नाही. ही चिंतामणची गोष्ट आहे. चिंतामण पाटबंधारे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. थापा मारायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे नव्हतीच. रजेच्या अर्जातसुद्धा खरं कारण लिहिणारा माणूस.

साल अठ्ठ्याहत्तर. श्रावणातली शेवटची रात्र, पिठोरी अमावस्या, त्यात शनिवार. चिंतामणची आई जाऊन नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेवर दहावा करायचा होता. आपण गोदेला गंगाच म्हणतो, ते तरी ठाऊक आहे ना? आणि जीवखडा? नसेल. दहनाच्या वेळी एक खडा उचलून ठेवतात. दहा दिवस गेलेलं माणूस त्या खड्यात असतं असं मानतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की खडा पाण्यात सोडायचा. तोवर तो घरात मात्र आणायचा नाही.

रामकुंडापासून थोडं पुढे एक जुनी ओवरी होती. भिंतीत कोनाडे, आणि कोनाड्यांत पांढऱ्या फडक्यात बांधलेले असे खडे. सहादू म्हणून एक जण राखण करायचा. चिंतामणच्या आईचा खडा तिथंच, वरच्या ओळीत ठेवलेला.

त्या संध्याकाळी ऑफिसात निरोप आला की रात्री धरणातून पाणी सोडणार. चिंतामण सुतकामुळे रजेवर, म्हणून त्याच्या घरी सांगायला मीच गेलो. त्यानं गंगापूर रोडला नवं घर बांधलं होतं. तेव्हा तिकडे नुसते द्राक्षांचे मळे, संध्याकाळनंतर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, "अरे, ओवरीत पाणी शिरेल, आईचं गाठोडं आत्ताच काढून आण." त्यानं तिथल्या तिथं सायकल काढली.

त्याची पाच वर्षांची सुधा दारात फुरंगटून बसली होती. कारण काय, तर आज पिठोरी असून घरात खीर नाही. पिठोरीला आई खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून पाठमोरी बसते आणि विचारते, "अतिथी कोण?" मागं उभं असलेलं पोर म्हणतं, "मी!" आणि आपलं नाव सांगतं, की मग खीर त्याची. आदल्या वर्षी आजीनंच सुधाला हे शिकवलं होतं, आणि ही बया इतक्या मोठ्यानं ओरडली होती की शेजारच्या मळ्यातला गडी धावत आला.

"या वर्षी नाही गं राणी," कुसुम, चिंतामणची बायको, तिला समजावत होती. "आजी गेली ना? सुतक आहे."

"मग मी जेवणारच नाही," सुधा म्हणाली, आणि खरंच उपाशी झोपली.

चिंतामण ओवरीत पोचला तेव्हा गावातली वीज गेलेली. पाऊस धो धो. खाली काळोखात पाणी चढल्याचा आवाज येत होता. सहादूला हाका मारल्या, ओ नाही. चिंतामणला आपला कोनाडा पाठ होता. त्यानं वरच्या ओळीत हात घातला, गाठोडं हाताला लागलं, ते छातीशी धरून तो निघाला.

घरी आल्यावर ते अंगणातल्या पेरूला बांधायचं, असं ठरवलं होतं. पण पाऊस पेरूला नुसता झोडपत होता. चिंतामण झाडाखाली उभा राहिला आणि त्याला रडू फुटलं. आईला संधिवात होता हो. पावसाळाभर गुडघ्यांना फडकी गुंडाळून बसायची ती म्हातारी, तिला रात्रभर भिजत ठेवायची?

तो गाठोडं घेऊन घरात शिरला.

"अहो, आत?" कुसुम घाबरली. "आत नसतात आणत."

"पाऊस बघतेस ना बाहेर? आई आहे ती माझी." त्यानं पुढच्या खोलीतल्या खुंटीला गाठोडं अडकवलं, हात जोडले आणि म्हणाला, "ये आई. घर तुझंच आहे."

शहाण्या माणसाच्या हातून सुद्धा चुका होतात, त्या अशा. मायेपोटी.

मध्यरात्रीच्या सुमारास त्याला जाग आली. पाऊस थांबला होता. घरभर वास येत होता... दूध आटल्याचा, वेलदोड्याचा. त्याला वाटलं, कुसुमनं पोरीच्या हट्टापायी खीर टाकली की काय. हात लांबवला, तर कुसुम शेजारीच.

मग पुढच्या खोलीत कुणीतरी चाललं.

आधी त्याला भीती वाटलीच नाही, असं तो मला म्हणाला. उलट ऊर भरून आला. आई आली. नव्या घरात जेमतेम वर्षभर राहिली बिचारी, शेवटचं फिरून बघत असेल.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

चिंतामणचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईच्या हातात बांगड्या नव्हत्या.

तो आडवाच राहिला. फरशीवर जोडवी वाजली. टक. टक. कुसुमची बोटं त्याच्या दंडात रुतली. म्हणजे तीही जागी होती.

पावलं थांबली. दाराच्या पलीकडे.

"अतिथी कोण?"

बाईचा आवाज. तरुण. हळू. पाठमोरं बोलावं तसा, जरा लांब गेलेला.

कुणी हललं नाही.

"अतिथी कोण?"

आता आवाजात रडं होतं. चिंतामण म्हणायचा, त्या रड्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. ओरडली असती तर परवडलं असतं. ती विनवत होती.

अंथरुणात सुधा उठून बसली. कुसुमनं झडप घालून तिचं तोंड दाबलं, छातीशी आवळलं. पोर झोपेत होती. डोळे उघडे, पण झोपेत.

बांगड्या अजून जवळ...

"अतिथी... कोण गं?"

सुधानं मान झटकली. आईचा हात निसटला.

"मी! सुधा!"

...

काही नाही. कितीतरी वेळ काहीच नाही.

मग पलीकडे कुणीतरी श्वास सोडला. खूप दिवस कोंडलेला असावा तसा.

चिंतामण उठला. कसा उठला त्याचं त्यालाच माहीत. कुसुमला म्हणाला, "पोरीला सोडू नकोस." पुढच्या खोलीत अंधार. खुंटीवरचं गाठोडं हलत होतं. वारा नव्हता. त्यानं हात जोडले. म्हणाला, "बाई... घर चुकलं. मी माझ्या आईला बोलावलं होतं. तुमचं घर हे नव्हे. चला... पोचवतो."

गाठोडं हाताला कोमट लागलं.

त्यानं ते सायकलच्या हँडलला अडकवलं. मागचं कॅरिअर रिकामं होतं, तरी सायकल जड झाली, डबलसीट घेतल्यावर होते ना, तशी. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूला मळे. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. खड्डा आला की मागं बांगड्या वाजायच्या. तो रामरक्षा म्हणायला लागला, तर पुढची ओळ आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली रामरक्षा! मग नुसतं राम, राम, राम.

ओवरीशी कंदील दिसला आणि सायकल एकदम हलकी झाली.

सहादू गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्याजवळ पायरीवर एक माणूस बसलेला, मांडीवर पांढरं गाठोडं. तो वेणीमाधव. पंचवटीत घड्याळं दुरुस्त करायचा, चिंतामणची तोंडओळख होती. त्याची बायको चिंतामणच्या आईच्याच दिवशी गेली होती. दोघींचा दहावा दुसऱ्या दिवशी.

"भाऊ, कुनाचं नेलंत वो?" सहादू ओरडला. "पानी लय चढलं म्हनून म्या खालची गाठोडी वर सरकवली. तुमच्या कोनाड्यात ह्यांच्या बायकोचं गेलं. तुमची आई ही हाय, शेजारच्या कोनाड्यात व्हती. इचारायचं तरी व्हतं!"

"हाका मारल्या रे..."

"त्या पान्यात कुनाला ऐकू येनार?"

वेणीमाधवनं आपलं गाठोडं घेतलं, चिंतामणच्या हातात त्याचं दिलं. रागावला नाही. गाठोडं कुरवाळत बसला. मग आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, "आमची पोरं जगली नाहीत, चिंतामणराव. तरी मनोरमानं पिठोरी कधी चुकवली नाही. वाण डोक्यावर धरून दर वर्षी विचारायची. मागं कुणी नसायचं. मी बाहेर निघून जायचो. ऐकवायचं नाही ते."

मग त्यानं चिंतामणकडे पाहिलं.

"आज पिठोरी," तो म्हणाला. "तुमच्या घरात... काही झालं का?"

चिंतामण म्हणाला, "नाही."

"मूल आहे ना तुम्हाला? त्यानं काही..."

"झोपलं होतं."

जन्मात खोटं न बोललेला माणूस. पण मला सांगा, तुम्ही काय म्हणाला असता?

सकाळी पाणी ओसरलं नव्हतं, म्हणून वरच्या पायऱ्यांवर विधी झाले. मी तिथं होतो. पुढचं ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चिंतामणच्या आईच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. म्हातारी तृप्त गेली. जरा पलीकडे वेणीमाधवनं पिंड ठेवला होता. झाडावर एवढे कावळे, एकही खाली उतरेना.

वेणीमाधव हात जोडून एकेक कबूल करत होता. तुझे दागिने भाचीला देईन. तुझी तुळस जपेन. दुसरं लग्न करणार नाही. कावळे नुसते बघत होते. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

चिंतामणचं काम कधीच आटपलं होतं. पण तो जात नव्हता. तोंड पांढरं फटक. मी म्हटलं, "चल रे." तो ऐकेना. कावळे वेणीमाधवकडे बघतच नव्हते. सगळे चिंतामणकडे बघत होते, असं तो नंतर म्हणाला. मला काही तसं दिसलं नाही.

शेवटी तो पुढे गेला. पिंडासमोर उभा राहिला.

"वेणीमाधवराव, मी खोटं बोललो. रात्री तिनं विचारलं. माझ्या सुधानं उत्तर दिलं." मग पिंडाकडे बघून म्हणाला, "बाई, पोरीला माझ्या घरात राहू द्या. एवढं करा. ती दर पिठोरीला उत्तर देईल. मी द्यायला लावीन."

शब्द पुरा व्हायच्या आत वरून कावळा आला आणि पिंडात चोच घातली.

वेणीमाधव मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मग त्यानं खडा पाण्यात सोडला. तो बुडाला, तेही आम्ही पाहिलं. संपलं, असं मला वाटलं. चिंतामणला तसं वाटलं नसावं. मला म्हणाला, "घरापर्यंत चल. एकट्यानं जाववत नाही."

सुधा अंगणात खेळत होती. हसती, धडधाकट. चिंतामणनं तिला उचलून असं आवळलं की ती ओरडली. कुसुम म्हणाली, "सकाळपासून काही खात नाही हो. कालपासून उपाशी आणि म्हणते पोट भरलंय. आत्ता जराशी लवंडली होती, उठली तरी तेच."

"कुठं लवंडली होती?" चिंतामणनं विचारलं.

आम्ही आत गेलो. अंथरूण तसंच पडलेलं. त्यानं उशी उचलली.

खाली स्टीलची एक वाटी होती. खाऊन संपवत आणलेली, तळाशी थोडी खीर. बायका भांड्यांवर नावं घालून घेतात ना, तसं कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं.

सौ. मनोरमा.

मी बोट लावून पाहिलं. खडा गंगेत बुडून तास होऊन गेला होता.

खीर कोमट होती.