ऑर्फाने शिवलेली मूठ

दुकानाचं दार पाठीनं ढकलून तो आत आला, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी मागून विजार घट्ट धरली होती. बाहेर ऑक्टोबरची रिपरिप होती, आणि मैदानातला निम्मा चिखल त्याच्या अंगावर.

“मिस्टर टीग आहेत?”

“जेवायला गेलेत. काय काम होतं?”

“तुम्हाला सांगण्यासारखं नाही…”

“मग राहा तसेच उभे. हात दुखेपर्यंत!”

असं सुनावणारी ऑर्फा ही घोड्यांचे साज शिवणाऱ्या टीगची मुलगी. ओहायोतल्या त्या लहानशा गावात कॉलेजच्या फुटबॉल संघाचं चामड्याचं कामही याच दुकानात यायचं. १९०५ साल ते. या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावणाऱ्याच्या विजारीला तेव्हा कमरेशी चामड्याच्या मुठी शिवत. समोर माणसांची भिंत उभी राहिली, की त्याचेच सोबती त्या मुठींना धरून त्याला पोत्यासारखं पुढे ओढत. आत आलेल्या एमेट व्हॉसची मूठ आज विजार फाडून निघाली होती.

शेवटी घोड्याची घोंगडी गुंडाळून तो कोपऱ्यात बसला, आणि ती शिवायला.

“घोड्यांना निदान खरारा तरी करतात,” ती म्हणाली.

“हरणाऱ्या घोड्यांना नाही करत.”

ती हसली. तोही हसला… आणि लगेच खांदा धरून बसला.

मग दर सोमवारी तो यायचा. दर सोमवारी मूठ उसवलेली! “तुझा हात बिघडला की काय, पोरी?” म्हणून वडील करवादायचे. संघ मात्र हरतच होता. पावसात हरला, उन्हात हरला. नोव्हेंबर लागला तशी एमेटची थट्टाही आटली. तो बोलता बोलता भिंतीला टेकून झोपी जायचा, आणि ऑर्फाची आरी हातातच राहायची. किती दमलाय हा! त्या वर्षी मैदानात पोरं मेल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. ती वाचायची नाही, तरी कानावर पडायच्याच.

“थँक्सगिव्हिंगच्या सणाला शेवटचा सामना,” तो म्हणाला. “मुठी भक्कम करून द्या. एक तरी जिंकायचाय.”

“समोरचे तुमचे पाय ओढणार, तुमचेच सोबती कंबर ओढणार… नका ना खेळू.”

“अकराच उरलोय आम्ही, मिस टीग. मी बसलो तर दहा.”

तो गेल्यावर तिने दोरा चिवट करणारं मेण लावलंच नाही. कच्च्या दोऱ्याचे दोन-चार टाके घातले आणि विजार घडी करून ठेवली.

सणाच्या दिवशीचा तो सामना संपत आला होता. गोलरेषा वीतभर लांब होती. सोबत्याने एमेटची मूठ धरून हिसडा दिला, आणि ती त्याच्या हातात सुटून आली. एमेट जागच्या जागी चिखलात पडला. माणसांचा ढीग त्याच्या पुढ्यात कोसळला. तो वाचला, आणि संघ हरला. मैदानाच्या कडेला उभ्या ऑर्फाच्या जिवात जीव आला, आणि मग शरमेने तिला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने ती मूठ तिच्यासमोर ठेवली.

“हिच्या दोऱ्याला मेण नाही.”

“नाही. मुद्दाम नाही लावलं. हरलात ते माझ्यामुळे. पण पुन्हा वेळ आली तरी… तेच करीन. मला तुम्ही हवे आहात. धडधाकट!”

बोलून गेली आणि तिने तोंड फिरवलं.

त्याने मूठ पुन्हा हातात घेतली. “पडलो ना, तेव्हा आधी बरंच वाटलं. मग सगळ्यांचे चेहरे दिसले.”

“त्यांना सांगणार?”

“सांगितलं. म्हटलं, मूठ मीच उसवली होती. दोघं-तिघं बोलत नाहीत आता.”

“पण हे खोटं आहे!”

“अगदीच नाही…” त्याचे कान लाल झाले. “पहिली मूठ आपणहून निघाली. ही तुम्ही सोडलीत. मधल्या सगळ्या मी उसवल्या. रविवारी चाकू घेऊन बसायचो. तुमची शिवण फार चिवट हो!”

“काय? आणि मी बाबांची बोलणी खाल्ली?” तिचे डोळे भरून आले, रागाने की कशाने, तिलाच कळेना. “एमेट व्हॉस, तू…”

“हं?”

“तू… आता काही न फाडता येत जा.”

“सोमवारी?”

“सोमवारचीच वाट कशाला बघायची?” ती म्हणाली, आणि तो दुखरा खांदा धरून हसला.