बेटावरची झोप

उन्हं वर आली तरी चिलिका सरोवराच्या पाण्यावरचं धुकं हललं नव्हतं. दवाखान्याच्या नावेवरची नर्स कुंतला बेहेरा मात्र निर्धास्त होती. नावाडी अर्खितला बेटं वासावरून ओळखता येत.

"दिदी, डुलकी काढा खुशाल. कोळंबीच्या जाळ्यात नाही नेऊन घालत तुम्हाला," तो म्हणाला.

"तू जागा राहा, म्हणजे पावलं."

नाव बेटाला लागली तेव्हा तिथल्या अंगणवाडीत चार वर्षांच्या टिकिला आकडी आली होती. तिची आई बसंती चमच्याचा दांडा तिच्या दातांत घालू पाहत होती.

"भात चढवला तेव्हा सुरू झाली, शिजून उतरला, दिदी, तरी थांबेना!"

कुंतलाने चमचा काढून घेतला. "तोंडात काही घालू नकोस गं. दात तुटून घशात जाईल."

तिने पोरीला कुशीवर वळवलं, फेस पुसला. टिकिचे उघडे डोळे पाण्याचा माठ ठेवलेल्या कोपऱ्याकडे खेचले गेले होते. भिंतीशी रांगेत बसलेली बाकीची मुलंही त्या कोपऱ्याकडेच बघत होती. एकही रडत नव्हतं. भ्यालीत बिचारी, कुंतलाला वाटलं.

तिने टिकिच्या नाकात औषधाचा फवारा मारला. मागे सुरसुर झाली. सगळी मुलं मनगटाने नाकं पुसत होती.

"काय रे, नकला करता?" अंगणवाडीची सेविका हेमांगिनी ओरडली. कुणी हसलं नाही.

औषध देऊनही झटके थांबेनात. टिकिला नावेत घेतलं. वाटेत दुसरा फवारा द्यावा लागला. धुक्यात इंजिनाचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. पाण्यावर बदकांचे थवेच्या थवे बसलेले. नाव अगदी लगटून गेली तरी एक पंख हलला नाही.

"अशी बसत नाहीत ही कधी," अर्खित हलक्या आवाजात म्हणाला.

हळूहळू झटके ओसरले. टिकिची मूठ उघडली. बसंतीला हुंदका फुटला.

"झोपली?"

"हो. आता श्वासावर लक्ष ठेवायचं."

धक्क्यावर दवाखान्याची गाडी उभी होती. टिकिला आत घेऊन गाडी हलली आणि कुंतलाचा फोन वाजला. हेमांगिनी होती.

"सिस्टर दिदी, मुलं झोपली."

"मग झोपू देत की."

"जेवता जेवता झोपली हो! तोंडातले घास मी बोटाने काढले. हलवलं तरी उठत नाहीत."

"श्वास चालू आहे?"

"आहे. पण सगळी एकदमच घेतात. हा बघा, घेतला."

टिकिची छाती वर आली.

"सोडला."

छाती खाली गेली.

कुंतला टिकिच्या छातीकडे वाकली. "सगळ्यांना कुशीवर कर. शेजारच्या बायांना हाक मार. ड्रायव्हरच्या फोनवरून अर्खितला सांगते, तो नाव घेऊन परत निघेल. आणि फोन ठेवू नकोस."

टिकिचा श्वास उथळ होत चालला. मग छाती वर आलीच नाही.

"दिदी," फोनमधून आवाज आला, "थांबला."

कुणाचा, हे कुंतलाने विचारलं नाही. फोन स्पीकरवर टाकून बसंतीच्या हाती देऊन तिने टिकिच्या नाकातोंडावर मास्क धरला आणि हवेची पिशवी दाबली.

"घेतला! सगळ्यांनी घेतला!"

पुन्हा दाबली.

"घेतला."

रस्ताभर एवढंच चाललं होतं. पिशवी, आणि फोनमधला तो एक शब्द. कुंतलाची बोटं आखडली, पण तिने हात बदलला नाही.

दवाखान्याचं फाटक आलं तेव्हा टिकिची छाती आपली आपण हलू लागली. पापण्या थरथरल्या. कुंतलाने मास्क बाजूला केला.

"टिकि?" बसंती वाकली. "बाळा?"

"आई," टिकि पुटपुटली, "पाणी दे."

फोनमधून, तळ्याच्या पलीकडून, पुष्कळ मुलांचे कोवळे आवाज एका सुरात आले.

"आई, पाणी दे."

बसंतीने फोन कानाशी घट्ट धरला.

"देते, देते हं," ती म्हणाली. "सगळ्यांना देते."